विळीशेजारी भोपळा

दिवाळीला पुतणी घरी आली ती दोन बॅगा, एक लांब नळकांडं आणि एक इंग्रजी शब्द घेऊन. बॅगांत धुवायचे कपडे होते. बोदवडला धुणं घेऊन येणारी माणसं फार नसतात. आमच्याकडची माणसं धुणं घेऊन दुसऱ्या गावी जातात. नळकांड्यात कोरे कागद होते. शब्द मात्र तिने जेवणं होईपर्यंत बाहेर काढला नाही.

ती एका मोठ्या शहरात चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. त्या वर्षाला फाउंडेशन म्हणतात. आमच्या घरात फाउंडेशन म्हटलं की अजून सिमेंटच आठवतं. 'पोरीचं फाउंडेशन चालू आहे' असं सांगितलं की पाहुणे विचारतात, स्लॅब कधी?

"काका, जक्स्टापोझिशनला मराठीत काय म्हणतात?"

मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. रुई, सरकी, गठाण, तोलाई, हमाली या मुलखात मला कुणी हरवू शकत नाही. पण तालुक्याबाहेरचा शब्द आला की मी आधी चष्मा पुसायला घेतो. तरी घरात माझं मराठी पक्कं समजलं जातं, कारण भावकीतल्या सगळ्या लग्नपत्रिकांचा मजकूर मीच लिहितो. मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदाही म्हणाली.

"कोनाची पोझिशन?" ओसरीतून जिजीने विचारलं. जिजी म्हणजे माझी आई. आपल्याला ऐकू कमी येतं असं ती सांगते. आम्हाला तसा अनुभव नाही.

पुतणीने समजावून सांगितलं. एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या दोन वस्तू शेजारीशेजारी मांडायच्या. मांडल्यावर बघणाऱ्याला दोन्ही वस्तू नव्याने दिसल्या पाहिजेत, शिवाय दोघींच्या मध्ये तिसरंच काहीतरी उभं राहिलं पाहिजे. वस्तू घरातल्याच हव्यात, विकत आणायच्या नाहीत. मांडणी करायची, फोटो काढायचा, एक पान टिपण लिहायचं, आणि सुट्टी संपल्यावर सगळं सरांपुढे ठेवायचं.

शेजारचे निवृत्त गुरुजी पानसुपारीला आले होते. त्यांनी 'विरुद्धसन्निधी' असा शब्द जागच्या जागी घडवून दिला. हा शब्द तोंडात सुपारी असताना म्हणता येत नाही, आणि गुरुजींच्या तोंडात सुपारी नाही अशी वेळ दिवसात येत नाही, त्यामुळे तो आम्हाला पुन्हा ऐकायला मिळाला नाही. मी म्हटलं, एवढं लांब कशाला जायचं, आपल्याकडे द्वंद्व समास आहे की. इतरेतर द्वंद्वात दोन शब्दांच्या पोटात 'आणि' असतो, वैकल्पिकात 'किंवा' असतो आणि समाहारात 'वगैरे'. तुमच्या सरांना यातला कुठला पाहिजे, ते विचारून घे. माझा अनुभव असा, की बोदवडात सगळे समास शेवटी समाहारच होतात. 'चहापाणी' म्हटलं की त्यात शेव आली, चिवडा आला, कुणाच्या तरी पोरीच्या स्थळाची चौकशी आली. फक्त या समासातला चहा लगेच मिळतो. पाणी जरा जपून देतात.

"ह्याले शेजार म्हंता," जिजी म्हणाली, आणि अंथरुणावर आडवी झाली. विषय तिच्यापुरता संपला.

मला मात्र शाळेतले दिवस आठवले. आमच्या वेळी चित्रकला म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षा: आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी आपली कंबर आणि कंपास मोडून घेतले आहेत. आता तर इंटरमिजिएटला 'ए' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, 'बी'ला ५ आणि 'सी'ला ३. त्यामुळे सूर्यास्त काढणाऱ्या मुलांची संख्या गणित सुटणाऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. वस्तुचित्राच्या पेपरला टेबलावर एक कापड, त्यावर एक तांब्या, त्याच्याजवळ एखादं फळ किंवा भाजी. तांब्या आणि वांगं यांचा एकमेकांशी संबंध काय, असं आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. म्हणजे जक्स्टापोझिशन आम्ही नववीतच करून बसलो होतो, फक्त तेव्हा त्याला गुण छायाप्रकाशाचे मिळत.

त्या वांग्याची एक गोष्ट आहे. आमच्याकडचं भरिताचं वांगं हिरवट असतं, अंगावर पांढुरके पट्टे असलेलं. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. परीक्षेत टेबलावर तेच ठेवलं होतं, आणि वर्गातल्या बहुतेक पोरांनी ते जांभळं रंगवलं. कारण पुस्तकात वांगं जांभळं असतं. समोर हिरवं दिसतंय आणि हातून जांभळं उतरतंय, यात कुणाला काही खटकलं नाही. मीही जांभळंच रंगवलं. पेपर सुटल्यावर ती वांगी कुणी नेली याचा पत्ता लागला नाही, पण संध्याकाळी शाळेच्या मागच्या बाजूने पऱ्हाटीच्या जाळाचा आणि मिरचीच्या ठेच्याचा वास येत होता एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी पुतणीने मोबाइलवर नमुने दाखवले. पहिला होता पिकासोचा, १९४२ सालचा. सायकलीची सीट आणि सायकलीचं हँडल जोडून त्याने बैलाचं डोकं केलं आहे. हे आमच्या घरात फार आवडलं. शेजारचा एक शेतकरी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "जोडी पाहिजे व्हती भो. एक बैल घिऊन काय करता?" दुसरा नमुना मेरेट ओपेनहाइम या बाईंचा, १९३६ सालचा. कप, बशी आणि चमचा, तिघांनाही हरणाच्या कातड्याचं केसाळ अस्तर. आता हा कप न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. माझ्या बायकोने फोटो बघितला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. चहात एक केस निघाला तर आपल्याकडे हॉटेलवाल्याच्या खानदानाचा उद्धार होतो. तिथे अख्खा कपच केसांचा निघाला आणि लोकांनी तो काचेत ठेवून तिकीट लावलं. जिजीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "थंडीच्या मुलखातली हाय ना ती बाई? चहा गरम राहाले केलं आसन," ती म्हणाली.

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढचे आठ दिवस घरात जे काही झालं, त्याची किल्ली या एका वाक्यात होती.

पुतणीला वाटत होतं की हे सगळं पॅरिसकडचं आहे, आपल्याकडे असलं काही नाही. तिथे मला बोलावंच लागलं. चाळीसगावचे केकी मूस तिला ठाऊक नव्हते. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस चाळीसगावच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिला. बंगल्याला नाव दिलं 'रेम्ब्राँट्स रिट्रीट', आणि टेबलावर घरातल्या किरकोळ वस्तू मांडून त्यातून अख्खे देखावे उभे करून त्यांचे फोटो काढले. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला. म्हणजे पुतणीच्या सरांनी जे दिवाळीच्या सुट्टीत करायला सांगितलं, ते मूस यांनी जन्मभर केलं. त्यांच्याबद्दल सांगतात की एका मुलीने पंजाब मेलने येईन असा शब्द दिला होता, आणि ते रोज रात्री त्या गाडीच्या वेळेला दारं-खिडक्या उघडत, दिवे लावत, दोघांचं ताट मांडत. १९८९च्या ३१ डिसेंबरला ते गेले. एवढी मोठी मांडणी कुणी केली असेल असं मला वाटत नाही: एका बाजूला भरलेलं ताट, दुसऱ्या बाजूला रोज वेळेवर किंवा उशिरा येणारी आणि निघून जाणारी गाडी.

आणि अजिंठा. बोदवडहून दीड-दोन तासांवर. तिथली चित्रं नकलून घ्यायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून राबला. दिवसा बुद्धाच्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांत रंग भरायचा आणि फावल्या वेळात वाघ मारायचा, असा माणूस. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. त्याची कबर आहे आमच्या भुसावळला. बुद्ध, वाघ आणि रेल्वेचं जंक्शन. याहून वेगळी विरुद्धसन्निधी गुरुजींनाही सुपारी थुंकून सुचली नसती. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले आणि १८८५ पर्यंत तेच काम पुन्हा केलं. तेरा वर्षं! विद्यार्थ्यांच्या सबमिशनचा हा उच्चांक असावा. आणि १८८५ मध्ये त्यातली कितीतरी चित्रं लंडनमध्येच पुन्हा आगीत गेली. पुतणी म्हणाली, "आणि आम्हाला सर एक दिवसाची मुदत वाढवून देत नाहीत."

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत आणि डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा जिजीही बरोबर होती. तिने तेव्हा काढलेले उद्गार मला अजून आठवतात: एका डोक्यात चौघांचं भागवलं बघा.

तर मग वस्तू शोधायला आम्ही काका-पुतणी घरापासूनच सुरुवात केली. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत काम होईल, कारण आमच्या घरात धडपणे स्वतःच्या जागी असलेली वस्तू एकही नाही. बंद पडलेला फ्रिज आम्ही टाकून दिला नाही. त्यात शेताचे सातबारे, घरपट्टीच्या पावत्या, दादाच्या नोकरीचे कागद आहेत. उंदीर शिरत नाही, वाळवी लागत नाही. अंड्यांच्या खाचांत जिजीच्या औषधांच्या बाटल्या बसतात, जणू कंपनीने मापं घेऊन केल्या. वॉशिंग मशीनमध्ये आम्ही पाणी साठवतो आणि कपडे हाताने धुतो. कूलरची टाकी हिवाळ्यात पिंपाच्या कामाला येते. सोफ्याच्या मागे दोनशे लिटरचा निळा ड्रम आहे. त्यावर विणलेलं झाकण टाकलं आहे आणि झाकणावर गणपती. नवखा पाहुणा त्याला कोपऱ्यातलं टेबल समजतो आणि वर चहाची बशी ठेवतो.

"हे वॉशिंग मशीन घे," मी म्हटलं.

"का?"

"अगं, पाणी वाचवायला वॉशिंग मशीन! बघणाऱ्याला नवल नाही वाटणार?"

"पण पाणी त्यात चांगलं राहतं काका. वरून झाकण आहे, खाली नळी आहे." असं म्हणून तिने त्यातून तांब्याभर पाणी काढून घेतलं.

तिला त्यात काही विजोड दिसेना. मग आम्ही गावात निघालो. कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती आणि तिच्यावर ताडपत्री म्हणून एका नेत्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स ताणून बांधलं होतं. नेत्याचं अर्धं तोंड दोरीखाली, हात जोडलेले, आणि त्या हातांमधून कापसाचं बोंड डोकावत होतं. पुतणी म्हणाली, दव पडतं ना काका, कापूस ओला झाला तर भाव पाडतात. पुढे एक शेळी दुसऱ्या फ्लेक्सच्या सावलीत रवंथ करत होती. त्यावर भावपूर्ण श्रद्धांजली होती. ऊन फार आहे, ती म्हणाली. एकाच गाळ्यात डाव्या हाताला बी-बियाणं आणि उजव्या हाताला ब्यूटी पार्लर, मधे पडदा. भाडं अर्धंअर्धं होतं, ती म्हणाली. मंडपवाल्याच्या दारात नवरदेवाची खुर्ची आणि तिरडीचे बांबू एकाच भिंतीला टेकून उभे होते. त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं: भिंत एकच आहे.

शेवटी स्टेशनवर जाऊन बसलो. रेल्वे इथून नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे बोदवडने गाड्या बघायला लागून दीडशे वर्षं उलटली. तरी धाडधाड करत न थांबता जाणारी गाडी आली की अख्खा प्लॅटफॉर्म अजून मान वळवून बघतो. हातातल्या चहावर साय थरथरते. थंडगार डब्याच्या काचेआड पाण्याच्या बाटल्या चमकतात. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, आमची पीजे, २०२० पासून बंद आहे. ती रुंद करून बोदवडपर्यंत आणायचं ठरलं आहे, त्यामुळे सध्या आमच्या गावाला एक न थांबणारी आणि एक न आलेली अशा दोन गाड्या आहेत. हे मी पुतणीला मोठ्या हौसेने ऐकवलं. ती चहा संपवून म्हणाली, "काका, मला इथे सगळंच बरोबर वाटतं. हीच अडचण आहे."

तेव्हा मला जिजीचं चहा गरम ठेवणारं अस्तर आठवलं. पोरगी दोन महिने शहरात राहिली, पण डोळा घरचाच. शहरातल्या माणसाला जिथे विसंगती दिसते, तिथे बोदवडच्या माणसाला सोय दिसते. सरांनी मागितलं होतं ते पहिलं. आमच्याकडे साठा होता तो फक्त दुसऱ्याचा.

माझंच डोकं शेवटी चाललं. मराठी भाषेनेच एक जोडी करून ठेवली आहे: विळ्याभोपळ्याचं सख्य. विळी घरात होती, भोपळाही होता. परसातला, चांगला पाच किलोचा. ओसरीत चौरंग मांडला. त्यावर माझ्या बायकोची काळी शाल अंथरली. एका अंगाला विळी, पातं उघडं, दुसऱ्या अंगाला भोपळा, मधे बरोब्बर वीतभर अंतर. खरंच सांगतो, बघताना माझ्या पोटात गोळा आला. भोपळा एवढा निवांत बसला होता की मला माझ्या लग्नातला माझा फोटो आठवला. पुतणीने कागदावर 'स्पर्श करू नये' लिहून चौरंगाला चिकटवलं. संध्याकाळचा तिरपा उजेड हुकला होता, म्हणून फोटो दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं.

सकाळी उठलो तर भोपळ्याच्या फोडी परातीत. अर्धा भोपळा गुरुजींकडे पोचता झालेला.

"विळी काढून ठेवली व्हती, भोपया जवळच व्हता," जिजी म्हणाली. "मले वाटलं सूनबाईनं तयारी करून ठेवली. काबर, भाजी नई करायची व्हती का?"

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजी मात्र चांगली झाली होती. तिनेही दोनदा घेतली.

दुसरी मांडणी माझ्या खात्यातली. किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड, हे कोडं लहानपणी सगळ्यांना घालतात. आम्ही ते खरोखरच मांडलं. जुना दांडीचा तराजू खुंटीला टांगला, एका पारड्यात लोखंडी किलो आणि दुसऱ्यात किलोभर कापूस. लोखंड पारड्याच्या तळाशी गपगार, आणि कापूस पारडं ओसंडून ढगासारखा बाहेर आलेला. काटा मधोमध. कापूस हलका असतो हे पुस्तकातलं ज्ञान. जिनिंगमध्ये त्याचीच दाबून १७० किलोची गठाण होते आणि ती पायावर आली की माणसाला कापसाचं खरं वजन कळतं. हे मी टिपणात लिहायला सांगितलं.

दुपारी गल्लीतले शेतकरी मांडणी बघायला आले. कुणीही लांब उभं राहून बघितलं नाही. प्रत्येकाने चिमूटभर कापूस उपटला, अंगठा आणि बोटात धरून तंतू ओढला, कुणी ओल किती म्हणून गालाला लावून बघितला. "ह्यात कवडी हाय," एकाने निकाल दिला. "याले भाव नई भेटनार." दुसऱ्याला तराजूच पसंत नव्हता, त्याच्या मते काटा मारलेला होता. इतक्या बारकाईने कलाकृती बघणारे लोक पॅरिसलाही लाभले नसतील.

त्यानंतर दोन दिवस काटा हळूहळू लोखंडाकडे झुकत गेला. आधी वाटलं वारा असेल. पुतणी तर हरखून गेली. मांडणी आपोआप बदलतेय, याला कॉलेजात फार मान आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी देवघरात वातींची परडी शिगोशीग भरलेली दिसली. दिवाळीचे दिवस, जिजी येताजाता चार-चार बोटांनी कापूस उचलत होती. "मोठा ढीग पडला व्हता, मी कुठी समदा घेतला?" हा तिचा बचाव. चौथ्या दिवशी लोखंडी किलोही नाहीसा झाला. तो माझ्या बायकोने ड्रमच्या झाकणावर ठेवला होता, मांजर पाणी पितं म्हणून. रिकामा तराजू खुंटीला डोलत राहिला.

सुट्टी संपत आली. पुतणी चिडून ओट्यावर बसली होती. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे घरातली भांडी एकेक करून रिकामी होत ओट्यावर येऊन पडत होती. हंडा, कळशी, गुंडी, बादल्या, तेलाचे डबे. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग आत गेली आणि माझ्या हिशेबाच्या वहीतले कोरे कागद मागून आणले. तिने सगळी भांडी उतरत्या उंचीने ओट्यापासून रस्त्यापर्यंत एका रेषेत लावली. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली, रेल्वेच्या तिकिटाच्या मापाची, आणि त्यावर लिहिलं: वेटिंग १, वेटिंग २, वेटिंग ३. पहिल्या नंबरला जिजीचा पितळी हंडा, लग्नातला, गळ्यावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेला. सतरा भांडी झाली.

मी बाहेर येऊन बघितलं आणि काही बोललो नाही. स्टेशनवर मी जे दोन वाक्यांत सांगून हशा मागत होतो, ते पोरीने चुपचाप ओळीत उभं केलं होतं. ती उजेड कलायची वाट बघत बसली.

उजेड कलायच्या आत समोरची वहिनी दोन हंडे घेऊन आली. "टँकर किती वाजता येनार?"

"टँकर नाही, हे कॉलेजचं काम आहे," पुतणी म्हणाली.

"हां, हां. कॉलेजातर्फे देई राह्यले का?" वहिनीने हंडे ओळीत ठेवले आणि सांगितलं, "मले अठरा न् एकोनीस लिही दे."

पंधरा मिनिटांत ओळ गुरुजींच्या दारापर्यंत गेली, अर्ध्या तासात पिठाच्या गिरणीला वळसा घालून पलीकडे. पुतणी प्रत्येकीला सांगत होती की ही कला आहे, आणि प्रत्येक जण मान डोलावून नंबर मागत होती. जितकं ती नाही म्हणे तितकी लोकांची खात्री पटत गेली, की टँकर मोठा आहे आणि आम्ही तो लपवतोय. सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या नंबरात भांडण झालं. एका काकूंनी आपली बादली चिठ्ठीसकट पुढे सरकवली, ती दुसरीने बघितली, आणि मला मधे पडावं लागलं. शेवटी मीच चिठ्ठ्या लिहायला बसलो. माझं अक्षर बरं आहे. त्रेपन्नपर्यंत लिहिल्या. गुरुजी स्वतः दोन कॅन घेऊन आले, आणि सुपारी बाजूला सारून म्हणाले, "मला माहीत आहे ही विरुद्धसन्निधी आहे. तरी असू द्या."

रात्री लोक घरी गेले, भांडी तशीच राहिली. पुतणीने सकाळच्या उजेडाचा बेत केला. आणि पहाटे अडीचला गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "नळ आले ऽ ऽ!"

पुढचा सव्वा तास कला कुठे होती हे मला सांगता येणार नाही. ओळ मोडली. चिठ्ठ्या चिखलात गेल्या, काही भांड्यांत तरंगत राहिल्या. वॉशिंग मशीन भरलं, कूलर भरला, गणपती बाजूला ठेवून ड्रम भरला. पुतणी पदवीबिदवी विसरून ओढणी कमरेला खोचून बादल्या वाहत होती. पावणेचारला पाणी गेलं. तेव्हा तिला आठवण झाली. तिने मोबाइलचा दिवा लावून फोटो काढला: काठोकाठ भरलेला जिजीचा हंडा, गळ्यात ओली चिठ्ठी, 'वेटिंग १'मधली शाई ओघळलेली.

तोच फोटो आणि तोच हंडा घेऊन ती गेली. सरांना काम आवडलं. हंड्यावरचं कोरीव नाव हा मजकुराचा फार धीट वापर आहे असंही ते म्हणाले. ते नाव माझ्या आजोबांचं आहे, आणि लग्नघरातून भांडी बदलली जाऊ नयेत म्हणून त्यांनी घातलं होतं. हंडा आता कॉलेजच्या प्रदर्शनात आहे. पांढऱ्या खोक्यावर, भोवती दोरी, खाली पाटी: पितळ, कागद, दोरा. महिनाअखेरपर्यंत परत मिळणार नाही.

इकडे गल्लीत वेगळंच झालं. पोरीने भांडी मांडली आणि त्याच रात्री नळ आले, ही गोष्ट पार गिरणीपलीकडे पोचली आहे. परवा नळ जाऊन चौदा दिवस झाले तेव्हा समोरची वहिनी दारात आली. "भावजी, पोरीले फोन करा ना. कसे मांडले व्हते इचारा."

फोन केला. पुतणी आधी हसली, मग उतरत्या उंचीने लावा म्हणाली. संध्याकाळी बायकांनी ओळ लावली आणि मी चिठ्ठ्या लिहिल्या. पहिला नंबर कुणी घेईना. तो जिजीच्या हंड्याचा. जिजीने अंगणातून एक वीट आणली, धुळीने भरलेली होती ती पदराने पुसली, ओळीत सगळ्यांच्या पुढे ठेवली आणि मला म्हणाली, "हिच्यावर एक चिठ्ठी लाव. हंडा आला का उचलून घेऊ."